तेर्काची उजवी बाजू

इस्ला गार्सा
४ फेब्रुवारी १९९६

बेलिसारिओ भाऊजी,

नाताळात तुम्ही पाठवलेली कॉफी संपली. संपल्यावरच बरी दिराची आठवण झाली, असं म्हणाल. म्हणा. पण आज कारण वेगळं आहे.

गेल्या रविवारी शेजारच्या निन्फाच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. मी काळा झगा घातला. तुमचे भाऊ गेल्यापासून चांगला असा तेवढाच आहे. चर्चला जाताना चपलेत वाळू गेली म्हणून किनाऱ्यावर आपल्या होडीला पाठ टेकली आणि चप्पल झटकली. बस, एवढंच. चर्चमध्ये शिरले तर मागच्या बाकांवर खुसखुस सुरू. माझी पाठ सगळी निळसर पांढरी! पाद्रीबाबासुद्धा पाण्यात बोटं बुडवता बुडवता थांबले. आणि निन्फा भर चर्चमध्ये म्हणते, "काय गं एडिल्मा, पिठाच्या गिरणीतून आलीस?"

घरी येताना होडीकडे नीट पाहिलं. तेओनं हौसेनं घेतलेली निळी, फायबरची होडी. तेर्का, म्हणजे हट्टी, हे नाव त्यानंच ठेवलं. (कुणावरून ठेवलं ते मला सांगू नका.) तो गेल्यापासून ती बदामाखाली ओंडक्यांवर पडून आहे, आणि उन्हानं, खाऱ्या वाऱ्यानं तिचा रंग असा विटलाय की भिंतीवरचा जुना चुना बरा. हात फिरवला की हाताला भुकटी येते.

निन्फा म्हणते वरून रंगाचा हात मार आणि सुटका करून घे. मला रंग नकोय. मला तिची मूळची चकाकी हवी आहे. तुम्ही बाल्बोआच्या गोदीत उभा जन्म बड्या लोकांच्या होड्या चकाकवण्यात घालवलात. मग सांगा, मला हे जमेल का? आणि जमायचं तर सुरुवात कुठून करू?

यारिसेलचा दर रविवारी फोन असतो. "आई, शहरात ये, नवव्या मजल्यावर वारा छान येतो." वारा इथेही येतो, असं मी म्हणते. मग ती रुसते.

तुमची वहिनी,
एडिल्मा

•

बोकेते
१५ फेब्रुवारी १९९६

प्रिय वहिनी,

पत्र वाचलं आणि लेकीला हाक मारून म्हटलं, "ऐक, तुझ्या काकूला उशिरा का होईना शहाणपण सुचलं!" तेर्का विकायची आणि यारिसेलकडे जाऊन राहायचं, हे मी तेओसाठीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या त्याच दिवशी बोललो होतो. तेव्हा तुम्ही माझ्या पुढ्यातलं कोंबडीचं सान्कोचो उचलून नेलं होतं. असो. विकायची होडी चकचकीत हवीच. नवरी मुलगी दाखवताना तोंड धुऊनच दाखवतात.

आता नीट ऐका. तेर्का मेलेली नाही. तिची फक्त वरची कातडी मेली आहे. फायबरच्या होडीवर एक जाड रंगीत थर असतो. ऊन त्याचा वरचा पापुद्रा जाळतं, त्याची भुकटी होते. ती भुकटी काढायची, खालचा जिवंत थर उघडा करायचा आणि त्याला पुन्हा गुळगुळीत करायचं. निन्फाच्या रंगाचं नाव काढू नका. भुकटीवर रंग म्हणजे न धुतलेल्या डोक्यावर फुलं माळणं.

आधी गोड्या पाण्यानं आणि साबणानं धुवा. मग पाण्यात भिजवायचा पॉलिश पेपर घ्या, मधल्या जाडीचा. लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा, नुसत्या बोटांनी घासाल तर चर पडतील. सतत पाणी सोडत घासा. मग बारीक पेपर, मग त्याहून बारीक. प्रत्येक पेपरानं आधीच्या पेपराचे ओरखडे पुसायचे, यापलीकडे ह्या धंद्यात गुपित नाही. उन्हात काम करायचं नाही. आणि थर जाड असला तरी तो काही तुमच्या हट्टाएवढा जाड नाही, तेव्हा कोपऱ्यांवर हात हलका ठेवा. आत पिवळसर जाळी दिसायला लागली की समजा घात झाला.

एका वेळी एकच बाजू करा. दोन्हीकडे थोडं थोडं करणाऱ्याची होडी कधीच पुरी होत नाही.

इकडे मी मजेत आहे. थंड हवा, कॉफी, फुलं. डोंगरात माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात.

तुमचा,
बेलिसारिओ

•

इस्ला गार्सा
३ मार्च १९९६

भाऊजी,

माझे दंड आता कोळ्याच्या दंडांसारखे झालेत. निन्फाचा नवरा वाटेत भेटला की अदबीनं बाजूला होतो.

पाण्याचे हाल आहेत. पाऊस मेपर्यंत नाही, आणि विहिरीवर बायका माझ्या बादल्यांकडे डोळे वटारून बघतात. "माणसांना प्यायला नाही आणि ही होडीला आंघोळ घालते!" म्हणून मी समुद्राच्या पाण्यानं घासते आणि शेवटी एकदाच गोड्या पाण्यानं धुते. चालतं ना? नसेल चालत तर सांगू नका, अर्धी बाजू झाली आहे.

उजवी बाजू आधी घेतली. पहिल्या दिवशी काय झालं ते ऐका. घासता घासता पाणी मारलं आणि तेर्का अशी निळी दिसायला लागली की मी पळत सुटले. निन्फाला बोलावलं, पाद्रीबाबांना बोलावलं, बर्फाच्या कारखान्यातला फुलो हातातलं काम टाकून आला. सगळे येईतो पाणी सुकलं. पुन्हा तीच पांढरट, डोळ्यांत फूल पडल्यासारखी! निन्फा म्हणाली, "छान आहे. आधी होती तशीच आहे." पाद्रीबाबा म्हणाले, प्रयत्न देवाला दिसतात. मला तर रडूच फुटलं. मग हसू आलं, कारण पाद्रीबाबा बोलता बोलता होडीला टेकले होते.

आता सांगा, मी घासतेय ते बरोबर आहे ना? खाली पडणारं पाणी निळं येतं.

एक इकडचं तिकडचं विचारते. अरुंद वाटेत दोन होड्या अगदी समोरासमोर आल्या तर नियमाप्रमाणे कुणी कुठे वळायचं? म्हणजे पुस्तकातला नियम. इथे सगळे नुसते ओरडतात आणि ज्याचा आवाज मोठा तो सरळ जातो. निन्फाशी पैज लागली आहे.

विक्रीचं काय ते सावकाश बघू.

एडिल्मा

•

बोकेते
१७ मार्च १९९६

प्रिय वहिनी,

ओली होडी सगळ्यांचीच चमकते! गोदीत नव्या पोराला आम्ही पहिलं वाक्य हेच शिकवायचो. पाणी खड्डे बुजवतं म्हणून चकाकी दिसते, सुकलं की खरं रूप. पण वाईट वाटून घेऊ नका. ओली असताना जशी दिसली, तशीच ती शेवटी सुकीही दिसणार आहे. तुम्हाला तिचं पुढचं रूप आगाऊ बघायला मिळालं, इतकंच. निळं पाणी येतंय म्हणजे तुम्ही योग्य जागी आहात. रंग एकसारखा, मंद, मऊ दिसायला लागला की पेपर थांबवा.

समुद्राच्या पाण्याचं मी वाचलंच नाही असं समजतो.

यापुढे हाताचं काम नाही, म्हणून माझी पॉलिशची मशीन पाठवतोय. दावीद शहराच्या बसवाल्याकडे दिली आहे, कॉफीच्या पोत्यात गुंडाळून. फुलोला सांगून कारखान्यातून वायर ओढून घ्या. तिला लोकरीची टोपी घालायची, होडीच्या अंगावर रबिंगची पेस्ट थोडी थोडी लावायची आणि मशीन फिरवत राहायची. एका जागी उभी करायची नाही, तापून थर जळतो. बाळाला थोपटतो तसं, दाबायचं नाही आणि थांबायचंही नाही. मग पॉलिश, मग मेण, दोनदा. मशीन सांभाळा. तिला माझ्याशिवाय अजून कुणाचा हात लागलेला नाही.

पैजेचं उत्तर: दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं. वहिनी, तुम्ही हे का विचारलंत ते मला कळलं. तेओची आठवण येते ना? त्याच्याबरोबर इतकी वर्षं त्या होडीतून शहरापर्यंत उतारू नेलेत, आणलेत. मन मागे जाणारच. पण आता त्या वाटा मनातूनही सोडायला हव्यात.

आणि ही घ्या खुशखबर! किनाऱ्यावरच्या एका हॉटेलाचे मालक डॉन लिसांद्रो माझ्या ओळखीचे. पाहुण्यांना फिरवायला त्यांना अशीच होडी हवी आहे. ईस्टर झाला की ते गार्साला येऊन तेर्का बघून जातील. मी त्यांना सांगून ठेवलंय: "माझ्या वहिनीनं माझ्या सांगण्याप्रमाणे काम केलंय, आरशात बघायची गरज पडणार नाही." तेव्हा माझी लाज तुमच्या हातात.

बेलिसारिओ

•

इस्ला गार्सा
१४ एप्रिल १९९६

भाऊजी,

मशीन सुखरूप पोचली. तुमचे डॉन लिसांद्रोही येऊन गेले. माणूस सभ्य आहे. त्यांना होडी पसंत पडली नाही. आता कुणाची पसंती आपल्या हातात थोडीच असते.

इथे ऊन फार आहे.

एडिल्मा

•

बोकेते
२२ एप्रिल १९९६

वहिनी,

ऊन फार आहे! एवढंच?

डॉन लिसांद्रोंचा फोन आला होता. काय बोलले ते अक्षरशः लिहितो. "बेलिसारिओ, तुझ्या वहिनीनं केलेलं मासळीचं कालवण मी जन्मात विसरणार नाही. पण होडी? होडीवर मी हात ठेवला तर तळहात पांढरा झाला. शर्ट गेला तो गेलाच. तू ज्याला आरसा म्हणतोस त्यात मला भूतसुद्धा दिसलं नाही." आणि हसले. वहिनी, ते हसले!

मी फोन ठेवला आणि अंगणात जाऊन बसलो. दोन महिने इथल्या कॉफीच्या दुकानात मी सगळ्यांना सांगतोय की माझी एक शिष्या आहे, बेटावर एकटी बाई, पत्रावरून शिकून होडी जिवंत करतेय. लोक विचारतात, "काय हो, शिष्येचं पत्र आलं का?" आता त्यांना काय सांगू?

पेपर चुकला का? पेस्ट सुकू दिलीत का? की मीच काही लिहायला विसरलो? रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. जमत नव्हतं तर तसं लिहायचं होतं. मी रागावलो नसतो. (रागावलो असतो, पण लिहायचं होतं.)

निन्फाचं ऐका आणि रंग मारून टाका. माझ्या शब्दाला काही किंमत राहिली नाही. यारिसेललाही मी कळवलंय की आईच्यानं आता हे होत नाही, येऊन घेऊन जा.

बेलिसारिओ

•

इस्ला गार्सा
३० एप्रिल १९९६

भाऊजी,

तुम्ही अंगणात जाऊन बसलात हे वाचलं आणि मला जेवण गेलं नाही. आता खरं ते सांगते. वाचून झालं की मला शिव्या द्या, पण आधी पुरतं वाचा.

तेर्काची उजवी बाजू डॉन लिसांद्रो येण्याच्या आठवडाभर आधीच पुरी झाली होती. भाऊजी, काय सांगू! मेणाचा दुसरा हात पुसला आणि कापड खाली ठेवलं तर समोर बदामाचं झाड, समुद्र, आणि मध्ये एक विस्कटलेल्या केसांची म्हातारी. ती मीच होते. सुकी होडी, पाण्याचा थेंब नाही! निन्फाचा कोंबडा सकाळपासून तिथे ठाण मांडून असतो. होडीत दिसणारा दुसरा कोंबडा त्याला सहन होत नाही. चोची मारून मारून दमला, पण हटत नाही. निन्फा म्हणते, "तुझ्या चकाकीपायी माझ्या कोंबड्या वाऱ्यावर पडल्या."

मग डॉन लिसांद्रोंचा तळहात पांढरा कसा झाला? मी त्यांना डावी बाजू दाखवली. तिला मी अजून हात लावलेला नाही, एका वेळी एकच बाजू करा असं तुम्हीच लिहिलंत. उजवीवर जाळी टाकली आणि सांगितलं, "साहेब, तिकडे जाऊ नका, गांधीलमाश्यांचं पोळं आहे." त्यांनी लांबूनच मान हलवली. मग मी त्यांना कालवण वाढलं, कारण मला त्यांची दया आली.

तेर्का मला विकायची नाही. मला ती चालवायची आहे.

तेओ गेला आणि बेटाची उतारूंची होडी बंद पडली. आता शहरात जायचं तर मासेमारीच्या होडीत खोक्यांवर बसून जायचं. मागच्या महिन्यात निन्फाची धाकटी सून कळा सुरू झाल्यावर तशीच गेली. नशीब म्हणून वेळेत पोचली. सगळे म्हणतात काहीतरी करायला हवं, आणि सगळे बदामाखालच्या माझ्या होडीकडे बघून मान खाली घालतात.

आणखी एक सांगते, जे तेओनं कुणाला सांगू दिलं नाही. शेवटच्या वर्षांत त्याला लांबचं दिसत नव्हतं. सुकाणू त्याच्या हातात असायचं, पण डोळे माझे होते. "डावीकडे घे, खडक आला. आता सरळ. आता हळू." लोकांना वाटायचं ही बाई नवऱ्याला सारखी टोचून बोलते. तोही उतारूंना सांगायचा, "बघा, समुद्रावरही सुटका नाही!" मग सगळे हसायचे आणि आम्ही नीट धक्क्याला लागायचो. भाऊजी, ती वाट मला झोपेतही येते. फक्त परवाना नाही. जूनमध्ये बंदरखात्याची परीक्षा आहे, तिची पुस्तकं वाचतेय. समोरासमोरच्या होड्यांचा प्रश्न त्यातलाच. निन्फाशी पैज लागलीच नव्हती.

तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही "वहिनी, हे वय आहे का" म्हणाला असता आणि घासायचं कसं ते सांगितलं नसतं. खरं ना?

आता यारिसेल येईल. ती आली की काय होईल मला ठाऊक नाही. डावी बाजू अजून पांढरीच आहे.

एडिल्मा

•

बोकेते
९ मे १९९६

वहिनी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा संतापलो. दुसऱ्यांदा गांधीलमाश्यांपाशी आलो आणि हसू आवरेना. लेक धावत आली, तिला वाटलं ठसका लागला. तिसऱ्यांदा तेओचं वाचलं आणि पत्राची घडी करून खिशात ठेवली. माझा भाऊ आणि त्यानं मलासुद्धा सांगितलं नाही. त्याच्या होडीतून मी कितीदा आलो, आणि दर वेळी मनात म्हणायचो, बिचारा तेओ, केवढं बोलते ही बाई. माफ करा.

हे वय आहे का, असं मी म्हणालो असतो. नक्की म्हणालो असतो. तेव्हा तुमचं बरोबरच होतं.

आता माझंही ऐका. डोंगरात माणसाचं आयुष्य वाढतं म्हणालो होतो. वाढत नाही, लांबतं. इथे फुलं आहेत आणि धुकं आहे आणि मला करायला काही नाही. लेकीचा फ्रिज मी पॉलिश केलाय. पाद्रींची गाडी केली. परवा दावीदच्या बसचं पुढचं तोंड चकचकीत केलं, तर ड्रायव्हर म्हणाला, "काका, आता मागचंही करा, नाहीतर लोकांना वाटेल दोन बस आहेत." मशीन तुम्हाला पाठवली त्या दिवशी पलंगाखालची जागा रिकामी झाली आणि मला वाटलं, चला, आपलं संपलं.

लेकीला सांगितलंय की काकूची डावी बाजू राहिली आहे. ती म्हणाली, "बाबा, जा. निदान माझी भांडी तरी वाचतील."

यारिसेलला मीच बोलावलंय, तर तिला तोंडही मीच देतो. पेस्टचे दोन डबे घेऊन शनिवारच्या बसनं निघतोय. हे पत्र माझ्या आधी पोचलं तर होहाल्द्रेच्या पुऱ्या तळून ठेवा. मागाहून पोचलं तर ते तुम्हाला मीच वाचून दाखवीन.

बेलिसारिओ

•

इस्ला गार्सा
२५ जून १९९६

भाऊजी,

तुम्ही नातीच्या वाढदिवसाला परत गेलात त्याला आठवडा झाला आणि घर कसं शांत आहे. सकाळी कुणी ओरडत नाही, "वहिनी, दाबू नका, थोपटा!" निन्फालाही चुकल्यासारखं वाटतं. डावी बाजू जास्त चमकते की उजवी, यावर गावात अजून भांडणं चालू आहेत. पाद्रीबाबांनी डावीच्या बाजूनं मत दिलं, पण त्यांना चर्चच्या दारातून फक्त डावीच दिसते. मी वाद घालत नाही. मला ठाऊक आहे.

आता परीक्षेचं. बंदरखात्याचा साहेब तरुण होता. माझा अर्ज बघितला, मला बघितलं, पुन्हा अर्ज बघितला. "सेन्योरा, अर्ज कुणासाठी?" म्हटलं, "हट्टी बाईसाठी." लेखी झालं. मग म्हणाला, चला, चालवून दाखवा. धक्क्याला तेर्का लागली होती. पाण्यावर निळ्यावर निळी, बुडाखाली लाटांचा उजेड नाचत होता. त्यानं तिच्या अंगावर हात फिरवून बघितला. "नवी घेतली?" म्हणाला. म्हटलं, "धुतली." पुढे काय काय विचारलं ते आठवत नाही. बंदराच्या तोंडाशी एक मोठी होडी अगदी समोरून आली, मी उजवीकडे वळवली आणि तीही तिच्या उजवीकडे वळली. साहेबानं कागदावर खूण केली. परवाना खिशात आहे. रात्री उशीखाली ठेवते. हसू नका.

आणि यारिसेल. तुम्ही इथे असताना ती आली तेव्हा तुम्ही दोघं बदामाखाली कितीतरी वेळ बोलत होतात. काय बोललात ते तुम्ही सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. जाताना ती मला एवढंच म्हणाली, "परीक्षा होऊ दे, मग बघू."

रविवारी ती पुन्हा आली. हातात रिकामी मोठी बॅग. माझे कपडे न्यायला! कॉफी दिली. म्हटलं, "परत कशी जाणार आहेस?" म्हणाली, "मिळेल कुठलीतरी होडी." म्हटलं, "चल, मी सोडते."

उतारू घेऊन तेर्काची ती पहिलीच फेरी. निन्फा, तिची धाकटी सून, सुनेच्या मांडीवर बाळ, फुलो, शाळेच्या बाई आणि आणखी पाचसहा जण. यारिसेल रिकामी बॅग पोटाशी धरून नाळेजवळ, म्हणजे अगदी पुढे बसली. दुपारनंतर वारा चढला. लाटा आडव्या यायला लागल्या आणि निन्फा देवाचं नाव घ्यायला लागली. माझे ओठ आपोआप हलत होते: डावीकडे घे, आता सरळ, आता हळू. मान वळवून यारिसेल माझ्याकडे बघत होती. कितीतरी वेळ. मी तिच्याकडे बघितलं नाही. समोर खडक होता.

धक्क्याला लागलो. सगळे उतरले. यारिसेल शेवटी उतरली. मला वाटलं आता म्हणेल, आई पुरे. तिनं भिजलेले केस बांधले, पायऱ्या चढून वर गेली. वर चारपाच बायका पिशव्या घेऊन उन्हात उभ्या होत्या. मासळीच्या होडीची वाट बघत असाव्यात. यारिसेल त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, हात वर केला आणि बापाच्याच खणखणीत आवाजात ओरडली:

"गार्सा! गार्साला कोण चाललंय? या, बसा! माझी आई नेते!"

तुमची वहिनी,
एडिल्मा